खूण जपा, पिकअप बदलू द्या

पत्र

‘मी सांगली जिल्ह्यात राहतो, वय ६१. तरुणपणी वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणपती, नवरात्र, उरूस, जत्रा, सुपारी मिळेल तिथे जायचो. सुरुवातीला गिव्हसन, म्हणजे देशी बनावटीची गिटार, होती. १९८७ साली मुंबईत बोटीवर काम करणाऱ्या एका माणसाकडून जपानी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. लाल रंग, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा घाट. निम्मे पैसे आमच्या ड्रमरने उसने दिले होते. तालमीत चहाची सुट्टी झाली की तो त्याची पेटती सिगारेट माझ्या गिटारच्या डोक्यावर, तारेच्या उरलेल्या टोकात खोचून ठेवायचा. एकदा ती तिथेच विसरला आणि लाकूड भाजलं. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. तो हसत म्हणाला, “आता ही गिटार हजारात ओळखू येईल.” २०२१ मध्ये तो गेला. हल्ली केस उघडली की आधी बोट त्या काळ्या डागावर जातं.

मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचा स्वतःचा बँड आहे. दिवाळीत तिने ही गिटार मागितली. म्हणाली, पिकअप बदलावे लागतील, फ्रेटही झिजलेत. मी एकदम म्हणालो, “हिला हात लावायचा नाही. बिघडवायचीच असेल तर स्वतःची घे.” ती गिटार न घेता गेली आणि तेव्हापासून विषय काढत नाही. बायको म्हणते, तुमचा जीव लाकडात अडकलाय. माझं चुकतंय का? गिटार अशीच जपून ठेवू, मुलीला देऊ, की विकून तिला पैसे देऊ?’

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात पिकअपबद्दल एक ओळ आहे आणि फ्रेटबद्दल अर्धी. डागाबद्दल मात्र तुम्ही भरभरून लिहिलंय. सिगारेट कुठे खोचायचा, तुम्ही कुणासमोर ओरडलात, तो काय म्हणाला, सगळं जसंच्या तसं आठवतंय तुम्हाला. म्हणून मीही डागापासूनच सुरुवात करतो. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारी चुंबकावरची वेटोळी, असतात बॉडीवर, तारांच्या खाली. फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असतात नेकवर. डाग आहे डोक्यावर, खुंट्यांजवळ, जिथे या दोन्ही कामांसाठी कारागिराचं हत्यार जातच नाही. दिवाळीत तुमच्या मनात डाग होता आणि मुलीच्या मनात पिकअप. ती जे मागत होती ते तुम्ही नाकारलंच नाहीत. तुम्ही नाकारलंत ते तिने मागितलंच नव्हतं.

वहिनी म्हणतात तसा लाकडात जीव अडकला असेल तर अडकू द्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॅनडाच्या रॅन्डी बॅकमनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, पण या प्रश्नावर ती सांगायलाच हवी. पोरवयात लोकांच्या अंगणातलं गवत कापून, असली बारीकसारीक कामं करून त्याने पैसे साठवले आणि १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार घेतली. पुढे मोठा वादक झाला तरी दौऱ्यावर असताना हॉटेलच्या खोलीत ती तो साखळीने कमोडला बांधून ठेवायचा, इतकी धास्ती. १९७६ मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलातून ती चोरीला गेलीच. त्यानंतर त्याने तशा जुन्या ग्रेच गोळा करायला सुरुवात केली, तीनशेच्या वर गिटारी झाल्या, पण शोध काही थांबला नाही. शेवटी एका चाहत्याने जुन्या चित्रणातली ती गिटार नीट पाहिली, लाकडातली एक बारीकशी गाठ हेरली, आणि इंटरनेटवर जगभरच्या गिटारींचे फोटो त्या गाठीशी ताडून पाहत बसला. गिटार सापडली थेट टोकियोत, एका जपानी वादकाच्या हातात. त्याने ती प्रामाणिकपणे विकत घेतली होती आणि त्याचाही तिच्यावर जीव होता. मग बॅकमनने त्याच्यासाठी तशीच, त्याच सालची दुसरी ग्रेच मिळवली आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोतल्या कॅनडाच्या वकिलातीत दोघांनी अदलाबदल केली.

हजारात ओळखू येणं म्हणजे हेच. तुमचा मित्र थट्टेत बोलला खरा, पण अगदी बरोबर बोलला. गिटार ओळखू येते ती तिच्यावरच्या खुणेवरून. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवरून कुणी ओळखत नाही.

आता पिकअपकडे वळतो. ‘मूळ होतं तसंच राहिलं पाहिजे’ या हट्टाला माझ्याकडे एक चोख उत्तर आहे. क्वीन या ब्रिटिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी १९६३ पासून जवळजवळ दोन वर्षं खपून घरीच एक इलेक्ट्रिक गिटार बनवली. विकतची परवडत नव्हती. नेकला लाकूड मिळालं ते शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्याला वाळवीसारख्या किड्याने भोकं पाडली होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. सूर हेलकावणाऱ्या दांड्याला, म्हणजे ट्रेमोलोला, जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या. नेकवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. बापलेकाच्या हातची यापेक्षा जिव्हाळ्याची गिटार जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही. या गिटारला पिकअपही त्यांनी स्वतःच बनवले होते. पण तार ओढून सूर चढवला की आवाज विचित्र यायचा. मग ब्रायनने ते काढले आणि दुकानातून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप आणून बसवले. जगाने ऐकला तो आवाज या विकतच्या पिकअपचा. वडिलांसोबत घरी गुंडाळलेले पिकअप गेले म्हणून गिटारमधले वडील गेले असं ब्रायनला कधी वाटलं नाही. २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्याने वाजवली ती हीच गिटार.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची लाडकी गिटार ‘ब्लॅकी’ तर मुळातच तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे चांगले चांगले भाग एकत्र करून जुळवलेली. आणि तिच्याही डोक्यावर सिगारेटने भाजल्याच्या खुणा आहेत. तुमच्या ड्रमरची खोड जगभरच्या वादकांना होती, एवढंच यातून कळतं.

एक विचारू? १९८७ पासून या गिटारमध्ये तुम्ही काहीच बदललं नाहीत? गावोगावच्या मांडवात, कधी जनरेटरवर, कधी कुणाच्या तरी मीटरवरून ओढलेल्या वायरीवर वाजवलेली गिटार ही. अर्थिंग धड नसलं की एका हातात तारा आणि ओठ माइकला लागताच बसणारा तो चटका ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या कुठल्याही गिटारवाल्याला विसरता येत नाही. इतक्या वापरात जॅक एकदा तरी ढिला झालाच असणार, सिलेक्टर स्विच खरखरला असणार, एखादी खुंटी फिरेनाशी झाली असणार. तेव्हा तुम्ही ते बदललंत आणि रात्री प्रोग्रॅमला उभे राहिलात. त्या वेळी गिटार बिघडवतोय असं मनातही आलं नसेल, कारण दुसऱ्या दिवशी वाजवायची होती. मुलीलाही दुसऱ्या दिवशी वाजवायचीच आहे.

मिरज तुमच्या जवळच आहे. सतारमेकर गल्लीत कधी तासभर बसला असाल तर पाहिलं असेल, आजोबांच्या वेळचा तंबोरा घेऊन माणसं येतात. घोडीवर तारा घासून चर पडलेली असते, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, गेलेली असते. कारागीर ती घोडी कानसतो, एकेक तार छेडून, दोरा सरकवून, पुन्हा कानसतो. खुंट्या बदलतो. भोपळ्याला चीर गेली असेल तर सांधतो. तंबोरा तोच राहतो, घरी नेऊन पुन्हा गायला घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे नवी वाद्यं घडवणं आहे तसं पिढ्यान् पिढ्यांचं हे दुरुस्तीचं कामही आहे. आपल्या भागातल्या माणसाला ‘वाद्य दुरुस्त केलं की ते परकं होतं’ असं वाटावं, हे मला पटत नाही.

आता थोडं कामाचं बोलू, कारण तुमच्या भीतीचा मोठा भाग काम कसं होतं ते पाहिलं की उतरेल.

मुलीला पिकअप का बदलायचे असतील याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या गिटारला एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप असणार. त्यांचा आवाज मोकळा, चमकदार, जुन्या गाण्यांना अगदी साजेसा. पण घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर ते लगेच उचलतात. ट्यूबलाइटजवळ उभं राहिलं की कशी गुणगुण वाढते हे मी तुम्हाला काय सांगणार. हल्लीच्या बँडमध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं, चढवलं की त्या गुणगुणीचा हलकल्लोळ होतो. यावर १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचं चुंबक आणि गुंडाळी दुसऱ्याच्या उलट. तारांचा आवाज दोन्हीकडून मिळून वाढतो आणि घरघर एकमेकींना खाऊन टाकते. हाच हम्बकर. तो मूळ रूपात रुंद असतो, स्ट्रॅटच्या खाचेत मावत नाही, म्हणून लाकूड कोरावं लागतं. तुम्ही घाबरायचं ते एवढ्याच ठिकाणी. पण एकेरी पिकअपच्याच मापाचे हम्बकर कित्येक वर्षांपासून बाजारात मिळतात. जुना काढला, नवा बसवला, लाकडाला ओरखडाही नाही.

आणखी सोपा रस्ता मला स्वतःला फार आवडतो. स्ट्रॅटच्या घाटाच्या गिटारचं सगळं विजेचं काम पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर, म्हणजे पिकगार्डवर, बसवलेलं असतं. तिन्ही पिकअप, तिन्ही नॉब, स्विच, सगळं. तारा काढल्या, पिकगार्डचे स्क्रू सोडवले, आणि तीन वायरींचं सोल्डर उतरवलं, दोन जॅककडे जाणाऱ्या आणि एक मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीकडे जाणारी, की सगळं पिकगार्ड अखंड हातात येतं. तुमच्या बोटांनी पिवळट झालेले नॉब, पिक घासून पडलेले चरे, सगळं आहे तसंच. ते बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवायचं आणि गिटारवर मुलीने नव्याने जुळवलेलं दुसरं पिकगार्ड चढवायचं. फक्त स्क्रूची भोकं आपल्या बॉडीशी जुळतात ना हे आधी ताडून घ्यायचं, कारण जपानी गिटारींच्या मापात फरक असतो. उद्या तुम्हाला किंवा तिला जुना आवाज हवासा वाटला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. गिटार कधी विकायची वेळ आलीच तर जपानी जुन्या गिटारींचे शौकीन मूळ भाग मागतात, तेही शाबूत राहतील.

फ्रेटचं मात्र खरंच करायला हवं, मुलीला दिलीत तरी आणि नाही दिलीत तरी. फ्रेट जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे, तारांच्या मानाने मऊ. वीस वर्षं ओपन कॉर्ड वाजवलेल्या माणसाच्या पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेले असतात. आधी नुसते घासून सपाट करता येतात का ते विचारा. झीज खोल नसेल तर भागतं आणि मूळ फ्रेट टिकतात. नवे घालायचेच ठरले तर कारागिराला एक प्रश्न विचारा, “जुने काढायच्या आधी तापवणार ना?” सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवून काढला तर फिंगरबोर्डच्या लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. शिसवी बोर्ड असेल तर हे फारच महत्त्वाचं. प्रश्न ऐकून जो नुसतं “काही होत नाही हो” म्हणेल, त्याच्याकडून गिटार परत घेऊन या.

काय करू द्यायचं नाही तेही तुम्ही तिला स्पष्ट सांगा, तो तुमचा हक्क आहे. बॉडीचं लाकूड कोरायचं नाही. दुसऱ्या जातीचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात ती घोडी, बसवायला नवी भोकं पाडायची नाहीत. आणि रंग नवा मारायचा नाही, कितीही उडालेला असला तरी. हे बदल माघारी फिरत नाहीत. आयर्लंडचा गिटारवादक रॉरी गॅलाघरची १९६१ ची स्ट्रॅट आठवा. त्याच्या घामाने तिचा बहुतेक रंग उडून गेला होता आणि त्याने तो तसाच ठेवला. आज ती तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. ज्यांना ती ओळखता येते ते त्या उडालेल्या रंगावरूनच ओळखतात. डोक्यावरच्या डागाबद्दल तर वेगळी अट घालायची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण त्यासाठी तिला डागाची गोष्ट माहीत असायला हवी. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही ती तिला कधी नीट सांगितलेलीच नाही. ज्या काकांनी निम्मे पैसे दिले, ज्यांनी लाकूड भाजलं, ते तिच्यासाठी फोटोतले एक गृहस्थ आहेत. ते तसे राहावेत अशी तुमचीही इच्छा नसणार.

तिच्या बाजूने एक गोष्ट बोलायची राहिली. नोकरी करणारी मुलगी आहे, मनासारखी नवी गिटार ती कुठल्याही शनिवारी दुकानातून आणू शकते. हम्बकर आणि नवे फ्रेट असलेलीच आणेल, डोक्याला ताप नाही. तरीही ती पदरचे पैसे घालून तुमची जुनी गिटार नीट करून घ्यायला तयार झाली. तिला गिटार हवी होती, पण त्याहून जास्त ती बाबांची होती म्हणून हवी होती. ‘बिघडवायचीच असेल तर’ हे शब्द तिला नेमके तिथे लागले असणार. त्याबद्दल तिला फोन करून सॉरी म्हणा. मोठी माणसं मुलांना सॉरी म्हणत नाहीत वगैरे आपल्या घरांमध्ये असतं, ते या एका कारणासाठी बाजूला ठेवा.

फोन केलात की सोबत एक निमंत्रण द्या. तिला घरी बोलवा आणि पिकगार्ड उघडायचं काम दोघांनी मिळून करा. पुण्यात कारागिराकडे परस्पर सोपवू नका. आतल्या पोकळीत काय काय निघतं ते दोघांनी मिळून पाहा. नेक सोडवली तर तिच्या बुडाशी, सांध्याच्या आत, बऱ्याचदा बनवल्याची तारीख किंवा कारागिराचा शिक्का मिळतो. तुमच्या गिटारचं नेमकं साल तिथे कळून जाईल. सोल्डरिंग तिला येत असेल तर तिला करू द्या, तुम्ही वायरी धरा.

आणि मग गिटार देऊनच टाका. ‘वापरायला देतो, पण माझीच’ अशी अर्धवट देऊ नका. अटी आधी सांगायच्या, दिल्यावर दर आठवड्याला फोन करून चौकशी करायची नाही. नवा ओरखडा पडेल. पडणारच, ती स्टेजवर जाणार आहे. तुमच्या मित्राने पाडला तेव्हा तुम्ही ओरडलात, आणि आज तोच डाग तुम्ही जपताय.

विकण्याबद्दल विचारलंत. विकू नका. पैशांची नड पत्रात कुठे दिसत नाही आणि मुलीला पैसे नकोच आहेत. शिवाय चिडचिडीच्या भरात विकलेलं वाद्य माणूस पुढे शोधत फिरतो आणि सगळ्यांनाच बॅकमनसारखं ते परत मिळत नाही.

‘अशीच जपून ठेवू’ हा पर्याय तुम्हाला सगळ्यांत सुरक्षित वाटत असेल, पण गिटारच्या दृष्टीने तोच सगळ्यांत वाईट आहे. बंद केसमधलं अस्तर पावसाळ्यात ओल धरून ठेवतं. तारा गंजतात, फ्रेट काळे-हिरवे पडतात, नॉबच्या आत धूळ बसून आवाज खरखरतो, आणि तारांच्या ताणाने नेक हळूहळू वाकते ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलगी न्यायला येईपर्यंत एवढं करा. केस माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर आतल्या कोरड्या खोलीत आणा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुन्या तारा काढून ०.००९ इंचाच्या, हलक्या तारांचा संच घाला, ६१ व्या वर्षी बोटांना तोच बरा. आणि रोज थोडा वेळ वाजवा, अ‍ॅम्प लावून.

समजा तिने मधल्या काळात दुसरी गिटार घेऊन टाकली असेल आणि “आता नको बाबा” म्हणाली, तर वाईट वाटून घेऊ नका आणि मागेही लागू नका. फ्रेटचं काम तुमच्यासाठी करून घ्या, डागाची गोष्ट तरीही सांगा, आणि पुढच्या वेळी ती घरी आली की तिची गिटार आणि तुमची गिटार दोन्ही बाहेर काढा. तुमच्या ऑर्केस्ट्रातलं एखादं गाणं तिला शिकवा, ऱ्हिदम तुम्ही धरा, लीड तिला घेऊ द्या. काम झाल्यावर काय ठरलं ते जरूर कळवा, आणि नेकच्या सांध्यात तारीख सापडली तर तीही लिहा, मला उत्सुकता आहे.